स्पीड शंभर, पान उघडेना

मी घरबसल्या पाच-सहा साडीवाल्यांचे आणि यंत्रमागवाल्यांचे हिशेब बघते. बेळगावात, वडगावला आमचं जुनं घर. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी कामाची खोली. महिन्याची वीस तारीख जवळ आली की माझी झोप उडते, कारण जीएसटीचं रिटर्न तेव्हा भरायचं असतं.

गेल्या जूनमध्ये अशाच एका एकोणीस तारखेला बँकेचं पान उघडलं, ओटीपी मागितला, आणि पान आपलं गोल गोल फिरत बसलं. कंटाळून रिफ्रेश मारलं. तेवढ्यात पहिला ओटीपी आला. तो टाकतेय तोवर दुसरा आला, म्हणजे पहिला बाद. मग दुसरा टाकला, तर पान परत फिरायला लागलेलं. तीनदा चुकलं आणि खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत मी.

नेट का चालेना यावर घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. लेक म्हणाली, प्लॅन वाढव. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, पावसानं होतंय, ऊन पडलं की सुरळीत होईल. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं हे पुढं कळलं, खरं तेव्हा मी हसले. माझा स्वतःचा संशय समोरच्या काकांच्या मागांवर होता. त्यांच्या शेडमध्ये माग सुरू झाले की आमच्या घरात बल्ब लुकलुकतो, मिक्सरचा आवाज बदलतो. मग नेटवर परिणाम होणार नाही कसा? मी काकांना हे बोलून दाखवलं, तर ते उखडले. "चाळीस वर्षं झाली माग चालूलालेत गं, तुझं नेट कालचं! उद्या पाऊस पडला नाही तरी मागामुळंच म्हणशील."

त्यांच्या सुट्टीचा दिवस मी मुद्दाम धरून बसले. माग बंद, गल्ली शांत. पान तसंच फिरतंय. काका निर्दोष सुटले. व्होल्टेज फारच खाली गेलं तर राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, तेवढाच मागांचा संबंध. त्यासाठी पुढं बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बसवला. तो बसवल्यावर लाइट गेली तरी नेट चालू राहतं हे बघून आत्तींना मोठं नवल वाटलं. खांबावरच्या ज्या डबीतून फायबरच्या, म्हणजे नेट आणणाऱ्या काचेच्या तारेच्या फांद्या फुटतात तिला वीज लागतच नाही, आत नुसती काच असते आणि ती उजेड वाटून देते. वीज लागते ती कंपनीच्या टोकाला आणि आपल्या टोकाला.

कंपनीला फोन लावला. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मी एक दाबते. माझं कन्नड बाजारापुरतं आहे, खरं माणूस लवकर भेटतो असा अनुभव आहे. पलीकडच्या मुलानं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, मग स्पीड टेस्ट करायला सांगितली. मी सोप्यात राउटरजवळ उभी राहून केली: ९४. प्लॅन १०० चा. "लाइन सरि ऐत्री," मुलगा म्हणाला, लाइन ठीक आहे, "निम्म मनी ओळग एनो ऐत्री." तुमच्या घरातच काहीतरी आहे. तक्रार बंद झाल्याचा मेसेजही आला. मला त्याचा राग आला होता. आता कबूल करते, पोरगा जवळजवळ बरोबर होता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मी स्वतः हिशेबाची बाई असून त्यात कित्येक वर्षं फसले. प्लॅनवरचे १०० म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरच्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटनं उतरली की ती पूर्ण वेगानं उतरली. मी ते "१२" बघून दोनदा कंपनीशी भांडलेय.

मग तीच टेस्ट मागच्या खोलीत केली, दार लावून. ६. सोप्यात ९४, कामाच्या खोलीत ६. घर एकच, लाइन एकच.

आमच्या घराच्या मधल्या भिंती दगडमातीच्या, दीड-दीड फूट जाड. उन्हाळ्यात गारवा देतात म्हणून आम्ही त्यांचं कौतुक करतो. वायफायला मात्र त्या तटबंदी. त्यात राउटर बसवणाऱ्यानं जिथं वायर आत आली तिथंच, खिडकीशेजारी लोखंडी कपाटाच्या मागं टांगला होता. म्हणजे लहरींना आधी लोखंड, मग दगड, मग परत दगड, मग स्वयंपाकघरातली स्टीलच्या डब्यांची मांडणी. एवढ्यातून ६ पोहोचत होते हेच पुष्कळ.

राउटर कपाटाच्या मागून काढून समोरच्या भिंतीवर उंच बसवला. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेगवान, पण भिंतीपुढं लवकर हात टेकतो, २.४ चा लांब जातो, पण त्यावर गल्लीभराची गर्दी. मोबाइलवर ॲप घेऊन बघितलं तर आमच्या माजघरात चौदा शेजाऱ्यांची वायफाय दिसली. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. निम्मी गल्ली ६ वर बसली होती. मी ११ घेतला. मागच्या खोलीत टेस्टचे सहाचे चौदा झाले, त्यापुढं सरकेना.

दुकानदार रिपीटर घ्या म्हणत होता. घेतला नाही. साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढं बोलतो, त्यामुळं वेग साधारण निम्मा होतो, आणि निम्मं कशाचं, तर त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या चौदाचं. त्यापेक्षा वायर बरी. खडेबाजारातून कॅट-सिक्सची, म्हणजे नेटची वीस मीटर वायर आणली, दारांच्या चौकटीवरून खिळ्यांच्या क्लिपा मारत मागच्या खोलीत नेली, आणि तिथं माळ्यावर पडलेला जुना राउटर जोडला.

आणि घरातलं सगळं नेट बंद.

आत्ती सोप्यात मोबाइलवर कीर्तन ऐकत होत्या, तेही थांबलं. "काय केलंस गं?" दोन तास मलाही कळलं नाही. झालं होतं असं: नव्या आणि जुन्या राउटरचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१. शिवाय दोघंही घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना नंबर वाटत बसलेले. एका घरात दोन कारभारी, दोघांचं नाव एक आणि दोघंही रेशनकार्डं वाटतायत. जुन्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं नंबर वाटणं म्हणजे डीएचसीपी बंद केलं, आणि वायर त्याच्या इंटरनेटच्या भोकात न घालता शेजारच्या लॅनच्या भोकातच राहू दिली. आता तो नुसता वायफाय देणारा निरोप्या. मागच्या खोलीत टेस्ट केली: ९१.

मी पेढे आणायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले, पान उघडायला गेले, आणि ते फिरत बसलं. लाइन पूर्ण, वायफाय पूर्ण, यूट्यूब अडखळत नाही, आणि साधं अक्षरांचं पान सात-आठ सेकंद पांढरं. मग एकदम सगळं आल्यासारखं येतं. तेच पान लगेच दुसऱ्यांदा उघडलं तर झटकन. मी प्लॅन वाढवायच्या विचारात होते. दोनशेचा घेतला असता तरी एका सेकंदाचा फरक पडला नसता, हे आता कळतं.

मधे एक वेगळाच चोर सापडला, तेही सांगते. पुण्यात शिकणारा पुतण्या सुट्टीला आला होता. त्यानं मला पिंग शिकवलं. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, पिंग लिहून पुढं पत्ता लिहायचा. तिथवर हाक जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. आधी आपल्या राउटरला हाक मारायची, मग बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. राउटरपर्यंतच अडखळत असेल तर दोष घरात. राउटरपर्यंत सरळ आणि बाहेर अडखळत असेल तर लाइनचा. इतकी सोपी परीक्षा मला कुणी आधी सांगितली नव्हती. फायबरमध्ये उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. बेळगाव ते मुंबई रस्त्यानं जवळपास पाचशे किलोमीटर धरा. जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. आपली बस त्याला रात्र घेते. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून आमच्याकडं पंचवीसच्या आसपास यायचे, ते ठीकच होतं.

रात्री नऊला मात्र तेच चारशेवर. लेकीच्या मोबाइलमध्ये मावसभावाच्या लग्नाचे व्हिडिओ, हळदीपासून वरातीपर्यंत. घरी आली, चार्जिंगला लावलं, वायफाय मिळालं की मोबाइल ते सगळं वर चढवत बसायचा. चढवायची वाट गच्च भरली की उतरवायचीही मागणी पुढं जात नाही, कारण पान मागायला जी चिठ्ठी पाठवायची ती त्याच वाटेनं जाते. लग्नाच्या वरातीत ॲम्ब्युलन्स अडकावी तसं. बॅकअप पहाटे ठेवला. रात्रीचा आकडा पंचवीसवर आला. सकाळचं दुखणं तसंच.

त्याचा उलगडा झाला शिनोळीत. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर आहे, चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. माझं माहेर तिथं. काम अडलेलं म्हणून लॅपटॉप बरोबर नेला होता. भावाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला, सवयीनं स्पीड टेस्ट केली: ८. आता काय चालणार म्हणून नाइलाजानं बँकेचं पान उघडलं, तर एका दमात उघडलं. दुसरं उघडलं, तेही. आठवर. घरी नव्वदवर फिरत बसणारी पानं.

भाऊ म्हणाला, "बघ, नेट पण म्हणतंय महाराष्ट्रात घ्या." आमच्याकडं कुठलाही विषय तिथंच येऊन थांबतो. मी मात्र परतीच्या वाटेवर बसमध्ये तेच घोळवत होते. लॅपटॉप तोच, ब्राउझर तोच, पान तेच. बदललं काय? लाइन. खरं ती तर बारापट हळू. मग घरी असं काय आहे की जे पानाला अडवतं आणि व्हिडिओला अडवत नाही?

पुतण्याला फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काकू, डीएनएस बघितलंस का?"

आपण पानाचं नाव लिहितो, यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारं टपालखातं म्हणजे डीएनएस. पान मागण्याच्या आधी लॅपटॉप त्याला विचारतो. आणि हल्लीचं एक पान म्हणजे एक पत्ता नसतो. अक्षरांचे वळण एकीकडून, चित्रं दुसरीकडून, मोजमाप करणाऱ्यांचे तुकडे आणखी दहा ठिकाणांहून. प्रत्येक नव्या नावासाठी आधी विचारणा. व्हिडिओचं तसं नाही, एकदा पत्ता मिळाला की तासभर त्याच वाटेनं येत राहतो.

त्यानं सांगितलं तशी काळ्या खिडकीत एनएसलुकअप लिहून एका वर्तमानपत्राचं नाव दिलं. उत्तर आलं, "डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट, टाइमआउट वॉज टू सेकंड्स." परत तेच. मग त्याच आज्ञेच्या शेवटी ८.८.८.८ जोडून विचारलं, म्हणजे दुसऱ्या पोस्टमनला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पत्ता हजर.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर डीएनएसच्या दोन रकान्यांत दोन पत्ते हातानं लिहिलेले. कुणी लिहिले? शोधता शोधता याच पुतण्यापाशी आले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लेकीचे वर्ग घरून सुरू झाले, तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, पोरीला नको ते दिसू नये असं काहीतरी करून दे. त्यानं पहिल्या रकान्यात नको त्या साइट गाळणारी एक फुकटची सेवा लावून दिली. मधे कधीतरी ती सेवा बंद पडली, आम्हाला कुणी कळवलं नाही, कळवणार तरी कसं. तेव्हापासून घरातलं प्रत्येक यंत्र प्रत्येक नव्या नावासाठी आधी मेलेल्या दारावर थाप मारायचं, सेकंद-दोन सेकंद थांबायचं, मग दुसऱ्या पत्त्याला विचारायचं. एका पानात अशी चार-पाच थांबणी एकामागं एक लागली की सात-आठ सेकंद. दुसऱ्यांदा पान झटकन यायचं, कारण पत्ता तेवढ्यापुरता लॅपटॉपच्या लक्षात राहायचा.

पुतण्या खजील झाला. मी त्याला म्हटलं, सांगितलं मीच होतं. दोन्ही रकाने बदलले: पहिल्यात १.१.१.१, दुसऱ्यात ८.८.८.८. यंत्रं एकदा वायफायवरून उतरवून परत चढवली. बँकेचं पान, टॅक्सचं पान, वर्तमानपत्र, सगळं शिनोळीसारखं. स्पीड टेस्टचा आकडा मात्र जो होता तोच राहिला, ९१. तो आकडा चार आठवडे मला खरं तेच सांगत होता, मीच त्याला भलतं विचारत होते.

ब्राउझरचीही थोडी झाडलोट केली. अकरा एक्स्टेंशन निघाली, त्यातली तीन कूपन शोधून देणारी. कशाला घेतली होती देव जाणे.

राहिला पाऊस. जुलैत झड लागली तसा राउटरवरचा एक दिवा मधूनच लाल व्हायचा आणि नेट पूर्ण जायचं. ही घरातली भानगड नाही हे आता मला छातीठोक सांगता येत होतं. परत एक दाबलं आणि सांगितलं, लाल दिवा लागतोय, माणूस पाठवा. "नाळे बर्तीन्री," म्हणाला, उद्या येतो. आमच्याकडच्या उद्याला तारीख नसते, तरी तिसऱ्या दिवशी आला. बैलहोंगलकडचा पोरगा, भिजलेला, कन्नडमिश्रित मराठी बोलणारा. आत्तींनी आधी चहा दिला.

त्यानं फायबरचं टोक काढून छोट्या मीटरला लावलं. उणे २७. हा उजेडाचा आकडा, डीबीएम म्हणतात. जितका उण्यात खोल तितका उजेड कमी, आणि तीननं घसरला की निम्मा. उणे सत्तावीस म्हणजे अगदी काठावर, त्याच्या थोडं खाली गेलं की यंत्राला काही दिसेनासं होतं. पोरगा वायरीबरोबर बोट फिरवत खिडकीपर्यंत गेला आणि हसायला लागला. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी गल्लीतल्या वायरी बांबूनं वर उचलतात. आमच्या बाजूला रथ गेल्यावर ही वायर लोंबत राहिली, म्हणून आमच्याच घरातल्या कुणीतरी ती गजाला तारेनं करकचून आवळली होती. काचेची तार काटकोनात वाकवली की उजेड त्या वळणातून बाहेर गळतो. त्यात वाऱ्यापावसानं वायर हलली की वळण आणखी आवळायचं. म्हणजे आत्तींचा पाऊस.

तार सोडली, वायरीला हाताएवढं सैल वेटोळं दिलं, हिरव्या टोकाची काच स्पिरिटच्या पट्टीनं पुसली. मीटर उणे २०. सातनं सुधारलं, म्हणजे जवळजवळ पाचपट उजेड. "आयत्री अक्का," म्हणाला, "कट्टबॅड्री." बांधू नका. गजाला वायर कुणी आवळली होती ते घरात अजून कुणी कबूल केलेलं नाही.

हे सगळं समोरच्या काकांच्या कानावर गेलंच. एका संध्याकाळी हाक आली, "आमचं बी बघ की गं जरा, शेडमध्ये चालतच नाही मोबाइल." मागांवर आळ घेतल्याचं ओझं होतंच, लगेच गेले. आधी राउटर कुठाय विचारलं. त्यांनी अभिमानानं वर बोट केलं. भिंतीवर जाड पत्र्याचा डबा, त्याला कुलूप. मागाच्या सुताची कूस बसू नये आणि पोरांनी हात लावू नये म्हणून खास बनवून घेतलेला. राउटर त्याच्या आत.

मी म्हटलं, काका, आधी हा डबा उघडा.

"किल्ली थोरल्याकडं हाय," ते म्हणाले, "आणि तो गोव्याला गेलाय."